चार सेकंदांपुढची मुलं

शाळा उघडून आठच दिवस झाले होते. हेमलता घोलप यांनी तिसरीच्या वर्गातला पडदा सुरू केला आणि समोर स्वतःचंच आडनाव बघून त्यांचा हात बटणावर तसाच राहिला.

‘पद्धत क्रमांक ११७ : घोलप पद्धत. प्रमाणित आवृत्ती. चौदा देश, नऊ हजार दोनशे वर्ग.’

“बाई, तुमचं नाव!” पहिल्या बाकावरची समृद्धी ओरडली आणि एकतीस पोरांनी टाळ्या वाजवून वर्ग डोक्यावर घेतला.

बाई लाजल्या. सांगोल्यापासून बावीस किलोमीटरवर, डाळिंबाच्या बागांमध्ये ही येळवाडीची दोनशिक्षकी शाळा. पावसाळ्यात गळणारी, दुपारी तापणारी. इथली पद्धत चौदा देशांत गेली होती! त्या एकेक ओळ वाचत खाली गेल्या. मण्यांची माळ, मुलांच्या जोड्या, उत्तर झालं की बाकावर तळहात टेकवणं, सगळं जिथल्या तिथे होतं. मग एक ओळ आली : ‘प्रश्नानंतर थांबणे : ४ सेकंद.’

त्यांनी ती दोनदा वाचली. खाली, खास त्यांच्या वर्गासाठी, आणखी एक ओळ होती : ‘आसन क्रमांक ९ : पद्धत लागू नाही. प्रतिसाद आढळत नाही. शिफारस : विशेष केंद्र, सोलापूर.’

नवव्या आसनावर आफरीन मुलाणी बसत होती. ती पडद्याकडे बघून हसत होती. बाकीच्यांच्या टाळ्या संपल्या होत्या आणि तिचे हात अजून एकमेकांजवळ येत होते.

आणि ही पद्धत जन्माला आली होती ती या पोरीमुळेच.

आफरीन पहिलीत आली तेव्हा तिची आई शमशाद तिला कडेवर घेऊन दारात उभी राहिली होती. जन्माच्या वेळी पोरीच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. समज शाबूत होती, पण मेंदूतून निघालेला हुकूम हाताला आणि जिभेला पोचायला उशीर व्हायचा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला चाळीस सेकंद लागत, कधी मिनीटभर. पहिले दोन महिने बाईंनी सगळे करतात तेच केलं. तिला प्रश्न विचारला, क्षणभर वाट बघितली आणि प्रश्न पुढच्याकडे सरकवला. एक दिवस पुढच्या मुलाचं उत्तर होऊन, त्याला शाबासकी मिळून, बाई फळ्याकडे वळल्यावर मागून आवाज आला, “ते...रा.” उत्तर बरोबर होतं. बाईंना स्वतःचीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा नियम बदलला. शंभर मण्यांची एक माळ दोघांत. प्रश्न विचारला की मणी सरकवायचे, झालं की तळहात बाकावर टेकवायचा आणि शेवटच्या माळेवरचा मणी थांबेपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला पोरं चुळबुळली. मग त्या रिकाम्या मिनिटात वेगळंच काही घडू लागलं. ज्यांचा तळहात आधी टेकला होता ती पोरं पुन्हा मोजू लागली. “बाई, माझं चुकलं हुतं, मी दुरुस्त केलं.” “बाई, ह्याला समजलं नव्हतं, मी बोटानं दाखवलं.” वर्ष संपताना सगळ्या वर्गाचं गणित तालुक्यात वर आलं. आफरीनसाठी थांबता थांबता एकतीस पोरं विचार करायला शिकली होती.

आफरीन पहिलीत आली त्याच वर्षी, म्हणजे २०३६ साली, शाळेत ‘सहपाठ’ आलं. चौदा देशांतल्या प्राथमिक शाळांनी मिळून उभारलेलं हे जाळं. कल्पना उमदी होती. कुठलंही मूल मागे राहू नये यासाठी एका देशातल्या शिक्षिकेला जे सुचलं ते दुसऱ्या देशातल्या शिक्षिकेला मिळावं. वर्गाच्या छताला ताटाएवढी चकती बसवली गेली. ती मुलांच्या नजरा, हातांच्या हालचाली आणि आवाज टिपायची. चेहरे आणि नावं तिथल्या तिथे पुसून टाकायची. उरायचा तो प्रत्येक मुलाचा ‘ठसा’ : हे मूल केव्हा लक्ष देतं, कशाने गोंधळतं, काय केलं की उमगतं. असे लाखो ठसे एकमेकांशी ताडून यंत्र सांगायचं, तुमच्या वर्गातल्या अमुक मुलासारखं एक मूल केनियात होतं, तिथल्या बाईंनी असं असं केलं, तुम्ही करून बघा.

पहिली दोन वर्षं येळवाडीचा वर्ग ‘उगमवर्ग’ होता. यंत्र इथून फक्त शिकत होतं. यंदा पहिल्यांदाच प्रमाणित आवृत्ती परत उगमाकडे आली होती आणि तिच्यात आफरीन नव्हती.

दुपारच्या सुट्टीत केंद्रप्रमुख सातपुते सर मोटरसायकलवरून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दहा शाळांवर देखरेख करणारा, कुणाशी वाकडं न घेणारा माणूस.

“बाई, केंद्राचं नाव काढलंत! आता एवढं एक काम उरकून टाका.” त्यांनी पिशवीतून कागद काढला. “त्या मुलाणीच्या मुलीचं स्थलांतर. वसतिगृहाची सोय आहे. शिफारस कचेरीत गेल्या आठवड्यातच आली होती. आईची सही मी शनिवारीच घेतली, तुम्हाला त्रास नको म्हणून.”

बाईंनी कागद वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : ‘संदर्भ : घोलप पद्धत. सदर विद्यार्थिनी या पद्धतीस अपात्र.’

“माझ्या नावाने काढताय तिला?” बाईंचा आवाज चढला. “माझ्या नावाने?”

“तुमचं नाव म्हणजे पद्धतीचं नाव. मनाला लावून घेऊ नका.”

“सर, हे पेढे परत न्या.”

शाळा सुटल्यावर त्या थेट मुलाण्यांच्या घरी गेल्या. शमशाद पडवीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. एरवी बाई दिसल्या की ती उठून पाट मांडायची. आज मान वर न करता पाय मारत राहिली.

“शमशाद, सही का केलीस? मला विचारायचंस तरी.”

मशीन थांबलं. “तुमाला काय इचारायचं, बाई? तुमचंच नाव हाय की कागदावर. सर म्हनले, बाईंच्या पद्धतीत बसत न्हाई पोरगी.” तिने दाताने दोरा तोडला. “दोन वर्सं तुमी तिला पोटच्या पोरीवानी शिकवली. मला वाटलं, दमल्या असतील. मानूस दमतं. पर तोंडानं सांगायचं हुतं, बाई. कागद कशाला?”

आपण हे लिहिलं नाही, हे त्यांनी कसंबसं सांगितलं. शमशादने ऐकून घेतलं, पण तिच्या डोळ्यांत विश्वास परतला नाही. आतून आफरीन हाका मारत होती, “बा...ई,” आणि ती उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत बाई उठून चालू पडल्या. तिच्या नजरेला नजर देण्याची त्यांची हिंमत नव्हती. आजवर ज्या पोरीसाठी थांबल्या, तिच्यासाठी त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. हे त्यांना वाटेत उमगलं आणि मग मात्र त्यांचा संताप आवरेना.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी त्यांनी ‘सहपाठ’वर संवादाची खिडकी उघडली. कुठल्याही देशातल्या शिक्षकाशी इथून बोलता यायचं, भाषांतर यंत्र करायचं. घोलप पद्धत वापरणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव होतं नानुली. जॉर्जिया नावाच्या देशातल्या एका डोंगरी गावातल्या या साठीच्या बाई. पिकलेले केस, खांद्यावर लोकरीची शाल. येळवाडीचं नाव ऐकताच त्या हरखल्या.

“तुम्ही घोलप? खुद्द? गेलं पूर्ण वर्ष मी तुमच्या पद्धतीने शिकवलं.”

“प्रश्न विचारून किती वेळ थांबता?”

“चार सेकंद. तुम्ही म्हटलंय तितकेच.” नानुलींचा चेहरा जरा उतरला. “खरं सांगू? माझ्या वर्गात तामार नावाची मुलगी आहे. तोतरी बोलते. शब्द बाहेर यायला वेळ लागतो तिला. आधी मी थांबायचे. मग तुमची पद्धत आली, चार सेकंदांनी घंटी वाजायची आणि मी पुढे जायचे. नाताळानंतर तामार बोलायचीच बंद झाली. आता घरीही बोलत नाही. मी म्हटलं, चूक माझीच असणार. भारतातली मुलं चटपटीत असतील, बाई हुशार असतील, मलाच जमत नाही.”

“नानुलीबाई, तो आकडा माझा नाही. आम्ही चाळीस सेकंद थांबतो. लागलं तर मिनीटभर.”

नानुलींनी खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेतली. मग नानुली म्हणाल्या, “माझं वर्ष गेलं ते जाऊ दे. तिचं गेलं.”

बाईंनी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. अकरा दिवसांनी पुण्याहून मिहिर केळुसकर आला. ‘सहपाठ’चा पद्धत-अभियंता, तिशीचा, अतिशय नम्र. त्याने पायातले बूट दाराबाहेर काढले, पोरांना गोष्टीची पुस्तकं दिली. बाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘एका पेटीत १२ डाळिंबं. ७ पेट्यांत किती?’

मणी सरकले. तळहात टेकू लागले. चार सेकंदांनी पडद्यावर घंटी वाजली. कुणी लक्ष दिलं नाही. वीस सेकंद झाले. समृद्धीने टेकलेला हात उचलला, पुन्हा मोजलं, दोन मणी मागे घेतले. मागच्या बाकावर एकाने जोडीदाराला माळेवर दहा-दहाचे गट करून दाखवले. आफरीनचं बोट दहाच्या एका गटावरून दुसऱ्यावर सरकत होतं. पन्नास सेकंदांनी ते थांबलं. चौऱ्याऐंशी. तिने तळहात बाकावर ठेवला आणि वर्गाने सुस्कारा सोडला. पडद्यावर नवव्या आसनापुढे तीच अक्षरं होती : ‘प्रतिसाद आढळत नाही.’

“बघितलंत?” बाई म्हणाल्या.

“बघितलं,” मिहिर खालच्या आवाजात म्हणाला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याने समजावून सांगितलं. “बाई, चौदा देशांतले ठसे एकमेकांशी ताडायचे तर मोजायची एक मर्यादा ठेवावीच लागते. बहुतेक मुलांची पहिली प्रतिक्रिया चार सेकंदांच्या आत येते. पुढचं मोजत गेलं की त्यात खोकला, खिडकीतली चिमणी, दप्तराची चेन, सगळाच गोंगाट शिरतो. म्हणून चार सेकंदांनंतरचं आम्ही घेत नाही. तुमच्या वर्गात पुढचे छत्तीस सेकंद यंत्राला रिकामे दिसले. रिकामा वेळ कापला की तासात जास्त प्रश्न बसतात. तसं ते आपोआप कापलं गेलं.”

“आणि त्या रिकाम्या वेळातच पोरं शिकतात, हे आत्ता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. जुन्या नोंदी काढा. दोन वर्षांच्या आहेत. त्यात दिसेल.”

मिहिरने मान खाली घातली. “नोंदी नाहीत. चार सेकंदांपुढचं साठवलंच जात नाही.”

“म्हणजे माझ्याकडून माळ घेतली, जोड्या घेतल्या, आणि त्यातला जीव तेवढा उकिरड्यावर टाकलात. पुरावाही ठेवला नाहीत.” बाई त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “किती मुलांपुढे ‘लागू नाही’ लिहिलंय? सगळ्या देशांत मिळून?”

त्याने फोनवर आकडा काढला. “अकरा हजारांच्या आसपास. चार टक्के. आमच्या मापाने तो आकडा... चालण्यासारखा आहे.”

“चालण्यासारखा? त्यांतल्या एकीची आई इथून तीनशे पावलांवर राहते. चला, तिला सांगा, चालण्यासारखं आहे म्हणून.”

मिहिर गेला नाही. पण निघताना, बुटांच्या नाड्या बांधता बांधता, मान वर न करता म्हणाला, “करारातलं अकरावं कलम वाचा. मूळ शिक्षकाला स्वतःची पद्धत मागे घेता येते. कारण लिहावं लागतं आणि ते सगळ्या वर्गांना दाखवावं लागतं. आजवर कुणी वापरलेलं नाही. मी सांगितलं म्हणू नका.”

सातपुते सरांच्या कानावर गेलं तसे ते धावत आले.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे का? एका पोरीसाठी नऊ हजार वर्ग बंद पाडणार? त्या बाकीच्या पोरांना फायदा होतोय, आकडे आहेत!”

हाच प्रश्न बाईंना आठवडाभर पोखरत होता. माळ आणि जोड्यांनी कुठेकुठे कुणाकुणाला हात दिला असेल. त्या पोरांनी काय घोडं मारलं होतं? त्यांनी नानुलींनाही विचारलं होतं. नानुली म्हणाल्या होत्या, “माझ्या वर्गातही बाकीच्या वीस मुलांचे गुण वाढले. आणि त्या वीसही मुलांना समजलं की तामारसाठी थांबायचं नसतं. गुणांबरोबर ती हेही शिकली. तुमच्या नावाने शिकली.”

“सर,” बाई सातपुत्यांना म्हणाल्या, “सर्वांना सामावून घेणारी पद्धत म्हणून ती वाटताय ना? मग जिला सामावून घ्यायला ती केली, तिलाच दाराबाहेर बसवून वाटता येणार नाही. निदान माझं नाव लावून तर नाहीच.”

“शाळेचं ‘सहपाठ’ काढून नेतील. नोटीस येईल. मी मध्ये पडणार नाही, सांगून ठेवतो.”

“तुम्ही कधी पडलात?”

कारणाच्या चौकटीत बाईंनी लिहिलं : ‘ही पद्धत मी माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी केली. तुम्ही तिलाच वगळलं. चार सेकंद हा आकडा माझा नाही. आमच्या वर्गात शेवटच्या मुलाचं उत्तर होईपर्यंत सगळे थांबतात आणि त्या वेळात सगळेच शिकतात. ज्यांना तसं थांबायचं आहे त्यांना माझी किंवा यंत्राची परवानगी लागत नाही. एक माळ घ्या आणि थांबा.’

बटण दाबताना त्यांना भीती वाटली नाही. दाबल्यावर वाटली.

दुसऱ्या दिवशी चौदा देशांतल्या नऊ हजार दोनशे पडद्यांवर, तिथल्या तिथल्या भाषेत, ती चार-सहा वाक्यं उमटली. मग निरोपांचा लोंढा आला. ‘ऐन सत्रात तुम्ही माझा वर्ग उघड्यावर टाकलात.’ ‘एका मुलीसाठी एवढा तमाशा?’ बाईंनी असे सगळे निरोप वाचले. काही खरे होते आणि ते लागले. पण मधूनमधून वेगळेही होते. ब्राझीलच्या एका शिक्षकाने विचारलं होतं, ‘मिनीटभर थांबायचं तर बाकीची मुलं दंगा करत नाहीत का?’ बाईंनी लिहिलं, ‘पहिले पंधरा दिवस करतात.’ नानुलींनी फक्त बाईंचा स्वतःचा फोन क्रमांक मागितला, तो बाईंनी दिला.

नोटीस आली. ‘शासनाच्या प्रकल्पात अडथळा आणल्याबद्दल आपली बदली का करू नये?’ छताची चकती काढून नेली, तिथे चार भोकं राहिली. बाईंनी खुलाशात तीच वाक्यं पुन्हा लिहिली, एक शब्दही मऊ केला नाही.

तो खुलासा घेऊन त्या आधी शमशादकडे गेल्या. शमशादला वाचता येत होतं, पण तिने तो बाईंकडून मोठ्याने वाचून घेतला. शेवटच्या ओळीला तिने पदराने डोळे टिपले आणि उठून पाट मांडला.

“सही माझी हाय ना? मग माघारी घ्यायला मीच जाती,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती सांगोल्याला गेली आणि अर्ज देऊन आली. पालकांच्या संमतीशिवाय मूल शाळेतून हलवता येत नाही, हे तिने साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून दोनदा म्हणून दाखवलं, असं शिपायाने पुढे सगळ्या गावाला सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटी ‘सहपाठ’च्या मुख्य कचेरीकडून पत्र आलं. ‘आपल्या सूचनेचा विचार करून नवीन आवृत्तीत प्रतीक्षा आठ सेकंद करण्यात येत आहे. वगळलेल्या मुलांचं प्रमाण अडीच टक्क्यांवर येईल. आपलं नाव कायम ठेवण्यास संमती द्यावी. शाळेची यंत्रणा पूर्ववत बसवण्यात येईल.’

बाईंनी पत्र घडी न घालता परत पाकिटात कोंबलं. अडीच टक्के म्हणजे सात हजार पोरं होतात, हा हिशेब त्यांनी वर्गाकडून माळेवर करवून घेतला, आणि ‘संमती नाही’ एवढंच उत्तर धाडलं. बदलीची टांगती तलवार त्यामुळे तशीच राहिली.

त्याच आठवड्यात, साडेअकराच्या सुमारास, बाईंचा स्वतःचा फोन वाजला. परदेशातला क्रमांक होता. यंत्र नव्हतं, त्यामुळे भाषांतरही नव्हतं. “हेमलता! नानुली!” एवढं ऐकू आलं आणि मग भराभरा काहीतरी, ज्यात ‘तामार’ हा शब्द तीनदा होता. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि वर्गाला खुणेने गप्प केलं.

पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग एक अक्षर अडखळलं, “म... म...” आणि थांबलं. येळवाडीच्या एकतीस पोरांनी, कुणी न सांगता, तळहात बाकावर टेकवले. पुन्हा तेच अक्षर. बाहेर एक ट्रॅक्टर गेला. कुणी हसलं नाही, कुणी शब्द सुचवला नाही, सुचवण्यासारखी भाषाच कुणाला येत नव्हती. मिनीट उलटून गेलं असेल. मग एका दमात आलं, “मे वार तामारी.”

भाषा कळली नाही, पण नाव कळलं; तामारची गोष्ट बाईंनी वर्गाला मागेच सांगितली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आफरीनने हात वर करायला सुरुवात केली होती. बाईंनी फोन उचलून तिच्या तोंडापाशी नेला. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. पहिला ‘आ’ यायलाच तीस सेकंद लागले. बाईंचं लक्ष फोनकडे होतं. पलीकडे वीस-एकवीस पोरांचा वर्ग होता, तरी कुठे बाक सरकल्याचा आवाज नव्हता.

पलीकडून कुणीही फोन ठेवला नाही.